एर्मेसचा बिनकपातीचा बोनस

एर्मेस बोनसचा हिशेब करायला जेवणाच्या टेबलावरच बसला, तेव्हाच लोरेदानाने ओळखलं की आज तोर्तेल्लीनीचं सूप गार होणार.

"दोन हजार युरो," तो पेन्सिल आपटत म्हणाला. "त्यातून पेन्शनचा हप्ता एकशे चौऱ्याऐंशी. उरलेल्यावर कर एक्क्याण्णव. पावणेतीनशे गेले, लोरे. टाइल्सच्या भट्टीपुढे भाजायचं मी, आणि रोममध्ये बसून खायचं त्यांनी."

"हातात सतराशे पंचवीस येतात. मशीन सहाशेला आहे. जेव."

त्यांचं वॉशिंग मशीन ईस्टरलाच बंद पडलं होतं. तेव्हापासून लोरेदाना दर शनिवारी गाठोडं घेऊन सासूबाईंकडे जाई. सासूबाई आपलं मशीन आनंदाने देत. फक्त आत टाकण्याआधी एकेक कपडा उजेडात धरून बघत आणि मुलाच्या बनियनकडे पाहून सुस्कारा सोडत. लोरेदानाला त्या सुस्काऱ्याचा मनापासून वीट आला होता.

एर्मेसला मात्र पावणेतीनशेंनी झोप येऊ दिली नाही. सकाळी कामावर जाण्याआधी तो पगार विभागातल्या तित्सियानाबाईंपुढे उभा राहिला.

"कपात नको असेल तर बोनस कंपनीच्या कल्याण योजनेत घ्या," बाई मान वर न करता म्हणाल्या. "पूर्ण दोन हजार. पण आधी माहिती वाचून..."

"कपात शून्य?"

"शून्य. पण..."

एर्मेसने सही ठोकली. सरकारला फसवल्याचा आनंद त्याला दिवसभर पुरला. लोरेदानाने त्याच संध्याकाळी पन्नास युरो आगाऊ देऊन मशीन ठरवलं आणि सासूबाईंना कळवलं, "आता तुम्हाला त्रास नाही हो." सासूबाई रुसल्या ते फोनच उचलेनात.

पगाराची स्लिप आली. बोनसचा पत्ता नव्हता. एर्मेस धावत वर गेला.

"आहेत की तुमचे दोन हजार," बाईंनी संगणक त्याच्याकडे वळवला. "पोहणं, योगासनं, नाटकं, घोडेस्वारी, गरम झऱ्यांची हॉटेलं. यातलं काहीही घ्या."

"वॉशिंग मशीन?"

"ते नाही बसत."

"मग रोख द्या."

"रोख घेतले असते तर कर लागला असता. तुम्हाला तो नको होता. आणि बदलायची मुदत शुक्रवारीच संपली."

त्याने भट्टीवरच्या इवानोला सगळं पंधराशेला विकायचा प्रयत्न केला. पण योजनेची कुपनं ज्याच्या त्याच्या नावावर असतात. "तुझ्या नावाच्या घोड्यावर मी बसलो तर तो मला पाडेल," इवानो म्हणाला आणि दुपारपर्यंत ही गोष्ट कारखानाभर पसरली.

लोरेदानाने सगळं ऐकून घेतलं. ती ओरडली नाही, त्यामुळे एर्मेस जास्तच घाबरला.

"गाठोडं घेऊन तुझ्या आईच्या दारात मी पुन्हा उभी राहणार नाही," ती म्हणाली. "आण तो फोन इकडे."

ती बराच वेळ हॉटेलं चाळत होती. डोंगरातल्या एका हॉटेलापाशी थांबली. कुंडस्नान, नाश्ता, आणि पाहुण्यांचे कपडे धुऊन इस्त्री करून मिळतील.

शनिवारी ते तिथे पोचले तेव्हा काउंटरवरच्या बाईने विचारलं, "मुक्काम किती दिवस?"

"एक रात्र," लोरेदाना म्हणाली. बाईने त्यांच्या तीन सुटकेसांकडे पाहिलं आणि सभ्यपणे खोलीची किल्ली पुढे केली.

घरच्या चादरी धुवायला गेल्या, टॉवेल गेले, पडदेही गेले. एर्मेसची अंगावरची पँटसुद्धा गेली. तो गरम पाण्यात गळ्यापर्यंत बसून एक मोजा धुवायला किती युरो पडले हे काढत राहिला, आणि आकडा निघाला तेव्हा त्याला भोवळ आली. लोरेदाना मात्र इस्त्रीच्या चादरींचा वास घेत गुणगुणत होती. कोणी सुस्कारा सोडला नव्हता.

रविवारी निघताना काउंटरवरची बाई हसून म्हणाली, "सगळं तुमच्या योजनेतून चुकतं झालंय. फक्त नगरपालिकेचा मुक्काम-कर राहिलाय, माणशी दोन युरो. तो योजनेत बसत नाही. रोख द्यावा लागेल."

"कर?" एर्मेसचा आवाज चिरकला.

लोरेदानाने घड्यांवरून हात फिरवला.

"दे की," ती म्हणाली. "पावणेतीनशे वाचलेत ना, त्यातून दे."