एकशे बाराव्या पानानंतर

सोमवारी सकाळी बाइंडरने दुकान उघडलं, दाबयंत्राचं चाक फिरवून वरची फळी उचलली, आणि फळीखाली गोष्ट नव्हती.

त्याने पुठ्ठे हलवले, कापडाचे तुकडे झटकले, खळीचं भांडंसुद्धा उचलून पाहिलं. गोष्ट सोळा पानांची होती, स्वतः टाइप केलेली. दुसरी प्रत नव्हती.

अकरा वर्षं तो गोष्टी लिहीत होता. छंद म्हणायचा, पण छंदाला घरात जागा लागते. पहिली गोष्ट त्याने बायकोला वाचून दाखवली, ती दुसऱ्या पानावर झोपली. दुसरी गोष्टही दुसऱ्याच पानावर. मेहुण्याला दिलेली गोष्ट महिनाभराने परत आली. "छान आहे हो," मेहुणा म्हणाला. पण टाचणी जशीच्या तशी होती आणि मधली पानं एकमेकांना चिकटलेली. तेव्हापासून बाइंडरची एकच इच्छा उरली होती. कोणीतरी एकदा शेवटच्या पानापर्यंत पोचावं. बरं म्हणो, वाईट म्हणो, पोचावं.

घरी सोय नाही म्हणून तो दुकानात लिहायचा. गिऱ्हाईक आलं की पानं लपवावी लागत. त्यासाठी त्याने एक युक्ती काढली होती. जुनं पुस्तक नव्याने बांधायचं तर आधी ते उसवावं लागतं. उसवलं की त्याचे फर्मे सुटे होतात. फर्मा म्हणजे दुमडलेल्या पानांची जुडी, साधारण सोळा पानांची. बाइंडर आपली गोष्ट ग्रंथालयाच्या पुस्तकांच्या नेहमीच्या मापाच्या कागदावर, तशीच दुमडून टाइप करायचा. कोणी आलं की फर्म्यांच्या गठ्ठ्यात सरकवून द्यायची. बघणाऱ्याला वाटे, माणूस कामात आहे.

आता त्याला आठवलं. गेल्या मंगळवारी ग्रंथपालबाई स्वतः दुकानात आल्या होत्या. गोष्ट गठ्ठ्यात गेली. बाई गेल्यावर तो जेवला, हात धुतले, सुई ओवली आणि सगळा गठ्ठा नेहमीच्या नेटकेपणाने शिवून टाकला. पुस्तक होतं 'पाण्याचे पंप: जोडणी आणि दुरुस्ती'.

ग्रंथालयाचं काम चौदा वर्षं त्याच्याकडे होतं, आणि बाईंचा नियम एकच होता: आत होतं तेवढंच बांधायचं. एकदा एका पुस्तकात त्याच्या डब्याचं कागदी झाकण शिवलं गेलं होतं, तर बाई सहा महिने त्याच्याशी फक्त चिठ्ठीने बोलल्या होत्या.

तो ग्रंथालयात गेला.

"बाई, ते पंपांचं पुस्तक जरा परत देता? शिलाई सैल राहिलीय बहुतेक."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "चौदा वर्षांत तुमची शिलाई सैल राहिलेली मी पाहिली नाही."

"वय झालं आता."

"पुस्तक मिस्त्रींनी नेलं होतं. पंपवाले. शिलाई कशी होती, त्यांनाच विचारा."

पंपमिस्त्रीचं दुकान कोपऱ्यावरच होतं. मिस्त्री एका मोटारीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून बसला होता.

"या काका. पुस्तकाचं विचारताय? परवाच परत केलं की. तुम्हीच बांधलंय ना ते? फार उपयोगी."

"हो का," बाइंडर जपून म्हणाला. "सगळं वाचलंत?"

"एकशे बारा पानं वाचून पंप खोलला. मग पुढे तो म्हातारा आला."

"कोण म्हातारा?"

"अहो, तो नाही का, बहिणीशी भांडलेला. रोज तिच्या बंद दारासमोर येऊन उभा राहतो, कडी वाजवत नाही, तसाच परत जातो. मी म्हटलं, पुस्तकवाल्यांनी मध्ये जरा इसावा म्हणून घातलं असेल. एवढं पंप पंप वाचून डोकं गरगरतं माणसाचं."

"मग?"

"मग काय, पंप तसाच उघडा पडला आणि मी वाचत बसलो. गिऱ्हाईक शिव्या देऊन गेलं." मिस्त्रीने हात बाहेर काढला. "पण काका, ही रीत नव्हे. आतून कडी निघाल्याचा आवाज येतो, आणि पान उलटावं तर एकशे तेरा, झडपेची साफसफाई. आत होतं कोण?"

बाइंडरने मान खाली घातली. हा प्रश्न त्यालाही सात महिने छळत होता. गोष्ट तिथेच अडली होती. सोळाव्या पानापर्यंत तो म्हाताऱ्याला दाराशी आणू शकला, दार काही त्याला उघडता येईना. बहीण आत असेल तर इतकी वर्षं गप्प का? नसेल, तर कडी कोणी काढली?

"मला काय माहीत," तो म्हणाला, आणि ते खरं होतं.

"मी आपलं ज्याच्या त्याच्याकडे विचारतोय. शनिवारी तुमच्याच बिल्डिंगचा पंप बघायला गेलो, तर काकूंनाही सांगितलं."

बाइंडर ग्रंथालयात परतला तेव्हा बाईंनी वही त्याच्यापुढे सरकवली. पंपांच्या पुस्तकासमोर त्याच्याच घराचा पत्ता होता.

"आज उघडल्या उघडल्या तुमच्या मिसेस घेऊन गेल्या. शिवाय चार जणांनी नंबर लावलाय. चौघांपैकी एकाच्याही घरी पंप नाही, मी विचारलं." बाईंचा चेहरा दगडी होता. "परत आलेलं प्रत्येक पुस्तक मी पानन् पान तपासते, हे तुम्हाला माहीत आहे."

"हो, बाई."

"एकशे बारानंतरच्या मजकुराची शेवटची पानं पुस्तकात नाहीत. तुमच्या दुकानात पडली असणार. शोधा. गुरुवारपर्यंत मला पुस्तक पुरं करून हवंय, नाहीतर पुढचं काम दुसऱ्या बाइंडरकडे जाईल."

काम जाण्याची भीती घालून कोणी त्याला गोष्ट लिहायला सांगेल, असं बाइंडरला अकरा वर्षांत वाटलं नव्हतं.

घरी शेगडीवर दूध उतू जाऊन करपलं होतं. बायको खिडकीत बसली होती, पंपांचं पुस्तक नाकाला लावून.

"अगं, दूध—"

"बसा जरा. बोलू नका."

तो बसला. तिने शेवटचं पान वाचलं, उलटलं, झडपेकडे रागाने पाहिलं आणि पुस्तक मिटलं.

"लिहावं तर असं," ती म्हणाली.

बाइंडर पुढे सरकला. "अगं, ते मी लिहिलंय."

"हो. आणि पंपाचा शोधही तुम्हीच लावलात." तिने करपलेलं पातेलं उचललं. "तुमच्या हातचं बांधलेलं पुस्तक, आणि आत काय आहे याचा तुम्हाला पत्ता नाही. बाकीची पानं कुठेत?"

"शोधतोय," तो म्हणाला. मग हळूच विचारलं, "तुला काय वाटतं, आत कोण असेल?"

"कोण म्हणजे? बहीणच. दुसरं कोण येणार तिथे?" ती पातेलं घासू लागली. "तो बाहेर दाराला टेकून उभा, ती आतून दाराला टेकून उभी. त्याची पावलं रोज ऐकते. पण पहिली हाक कोणी मारायची? त्यातच जन्म गेला दोघांचा."

"मग आज कडी का काढली?"

"आज तो आला नसेल वेळेवर. घाबरली असेल." घासणारा हात थांबला. "रोज येणारा माणूस एक दिवस उशिरा आला ना, की सगळा हट्ट जातो हो."

तासभर ती बोलत होती. म्हाताऱ्याच्या चपलांबद्दल, त्या दाराबद्दल, भावंडांच्या भांडणांबद्दल. बाइंडरने इतकं लक्ष देऊन तिचं कधी ऐकलं नव्हतं, हे त्याला ऐकतानाच लक्षात आलं.

मंगळवार आणि बुधवार त्याने एकही पुस्तक शिवलं नाही. बुधवारी दिवेलागणीला चार पानं घेऊन तो घरी आला.

"सापडली."

तिने हात पुसले. तो समोर बसला, घसा साफ केला आणि वाचू लागला. पहिलं पान झालं. दुसऱ्या पानाच्या मध्यावर त्याने वर पाहिलं, तर तिची मान कलली होती आणि पापण्या मिटत आल्या होत्या. बाइंडर थांबला. आता मेहुण्यालाही दोष देण्यात अर्थ नव्हता.

आवाज थांबला तशी ती दचकून सरळ झाली. "द्या इकडे. तुम्ही वाचायला लागलात की गुंगीच येते बाई. लग्नात मंगलाष्टकं तुम्ही म्हटली असती तर मी उभ्या उभ्या झोपले असते."

तिने पानं ओढून घेतली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. दुसरं पान गेलं. तिसरं गेलं. चौथ्यावर ती एका ओळीशी थांबली, मागे गेली, पुन्हा ती ओळ वाचली. म्हातारा धापा टाकत दाराशी येतो, उशीर झालाय, आणि दारातून बहीण म्हणते, 'रोज येणारा माणूस एक दिवस उशिरा आला, की सगळा हट्ट जातो.'

तिने पान शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं. मग चारही पानं जुळवून, कडा ठोकून सरळ केल्या, अगदी बाइंडर करतो तशा.

"त्या आधीच्या," ती म्हणाली, "अकरा वर्षांच्या. आहेत, का टाकल्या?"

"आहेत. पुठ्ठ्यांच्या मागे."

"उद्या घेऊन या." ती उठून शेगडीकडे गेली. "आणि वाचून दाखवायच्या नाहीत."