आप्पांच्या उपरण्यावर एक फवारा

पहिली खटकलेली गोष्ट अगदी क्षुल्लक होती. पाबे घाट सुरू व्हायच्या जरा अलीकडे मी फोन खाली ठेवायला गेले आणि अंगठा काही फोन सोडेना. अंगठ्यावरचं नेलपॉलिश कव्हरला चिकटलं होतं आणि हात लांब नेला तशी त्याची तार निघत होती, गुळाच्या पाकाची निघते तशी.

मी दचकले. (यात विशेष काही नाही. मी कुकरच्या शिट्टीला दचकते, लिफ्टच्या दाराला दचकते, आणि खराडीच्या ऑफिसात एकदा स्वतःच्याच ओढणीला दचकून "कोण आहे?" असं विचारलेलं आहे.)

"काय झालं?" दिग्विजयने गाडी चालवता चालवता विचारलं.

"नेलपॉलिश विरघळलं."

"मग?"

"वाळलेलं नेलपॉलिश आपोआप विरघळत नाही."

"उकाडा आहे," तो म्हणाला. माझ्या नवऱ्याकडे नेहमी उत्तर असतं. फक्त ते विचारलेल्या प्रश्नाचं नसतं.

दुसरी गोष्ट लगेचच खटकली. मागच्या सीटवर आप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, चष्मा काढला, उपरण्याने पुसला, परत लावला आणि खिडकीबाहेर बघत विचारलं, "धुकं पडलंय का गं?"

"मे महिन्यात कसलं धुकं?" सासूबाई म्हणाल्या. "ऊन हाय ते."

आप्पांनी पुन्हा चष्मा काढला आणि उपरण्याने पुसला. मी त्या उपरण्याकडे पाहिलं, माझ्या अंगठ्याकडे पाहिलं, आणि अंगठा गुपचूप ओढणीत लपवला.

कारण त्या उपरण्यावर फवारा मी मारला होता.

हे सगळं सुरू झालं ते माझ्या काळजीपोटी. आप्पासाहेब म्हणजे धायरी अजून गाव होती तेव्हापासूनचे धायरीकर. त्यांचं आजोळ वेल्ह्याच्या पुढे, डोंगरात. दर वर्षी पावसाच्या तोंडावर ते तिथे काजवे बघायला जातात. म्हणजे जायचे आणि येऊन सांगायचे, "काय सांगू, झाडं पेटल्याली नुस्ती." पण लग्न होऊन मी त्या घरात गेल्यावर भाजी निवडता निवडता सासूबाईंनी मला खरी गोष्ट सांगितली होती. "त्यांना कुठलं दिसतंय. मोतीबिंदू पिकल्याला. काळ्याठिक्कर झाडाकडं तोंड करून वा वा करत्यात. भैरू भावजींना वाईट वाटू नये म्हणून. मीबी काय बोलत न्हाई."

या हिवाळ्यात दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर आप्पांनी पहिलं वाक्य उच्चारलं ते डॉक्टरांचे आभार मानणारं नव्हतं. ते म्हणाले, "औंदा काजवं बघायचं."

आणि मी ठरवलं, की औंदा कोणालाही डास चावता कामा नये. एवढाच तो निर्णय.

माहेरी कोथरूडला गेले असताना मेडिकलमधून सगळ्यात कडक स्प्रे आणला. बाटलीवरची बारीक अक्षरं मी फोनने फोटो काढून, मोठी करून वाचली. (मी औषधांची पत्रकंही अशीच वाचते. त्यामुळे मला आजवर बहुतेक सगळे दुष्परिणाम होऊन गेलेले आहेत, औषध न घेता.) निघायच्या वेळी सगळ्यांना अंगणात ओळीने उभं केलं. गाडीत दारं लावून मारायचं नाही, मोकळ्यावर मारायचं. आधी सनस्क्रीन, ती मुरली की मग हे. चेहऱ्यावर थेट नाही, तळहातावर घेऊन, डोळे आणि तोंड सोडून. कपड्यांच्या आतल्या अंगाला नाही.

"हितं मार की," सासूबाईंनी विळीवर कापलेलं बोट पुढे केलं.

"जखमेवर मारायचं नसतं, आई."

"मग डास तिथंच चावंल की."

सासूबाईंच्या तर्कापुढे बाटलीवर काही लिहिलेलं नव्हतं. मी पुढे सरकले. सुती कपड्यांवर चालतं असं मात्र स्पष्ट लिहिलं होतं, म्हणून आप्पांच्या उपरण्यावर चांगला सढळ हाताने फवारा मारला. गळ्याशी डास फार येतात. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं होतं त्या क्षणी.

आता घाटात मी बाटली पिशवीतून काढली. मागच्या बाजूला दुकानदाराने आपल्या नावाचा स्टिकर चिकटवला होता. तो खरवडला. खाली एक ओळ होती. प्लास्टिक, रंगवलेले पृष्ठभाग आणि कृत्रिम धागे यांच्याशी संपर्क टाळा.

आप्पांच्या चष्म्याच्या काचा प्लास्टिकच्या आहेत. काचेच्या फुटतात, लागलं तर केवढ्याला पडेल, म्हणून न फुटणाऱ्या घ्या, असा हट्ट दुकानात धरणारी सूनबाई कोण होती ते सांगत बसत नाही.

मी मान वळवून पाहिलं. बाथरूमच्या खिडकीला लावतात ना, बाहेरच्याला आतलं दिसू नये म्हणून, तसली दिसत होती ती काच. आणि आप्पा ती पुसत होते. जितकं अंधूक दिसे तितकी जास्त पुसत होते. मग त्याच उपरण्याने त्यांनी डोळ्यांच्या कडाही टिपल्या.

"आप्पा," मी जवळजवळ किंचाळलेच, "उपरणं द्या इकडे. थंडी वाजतेय मला."

गाडीत सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाहेर डांबर वितळत होतं. पण आप्पांनी मुकाट्याने उपरणं दिलं. एरवी त्यांनी काहीतरी टोमणा मारला असता. तो आला नाही तेव्हा मला खरी भीती वाटली. आरशात मी बघत होते. त्यांनी एक डोळा हाताने झाकला, बाहेर पाहिलं. मग दुसरा झाकला. दवाखान्यात तपासतात तसं. आणि मग हात मांडीवर ठेवून गप्प बसून राहिले.

"काय झालं वो?" सासूबाईंनी विचारलं.

"काय न्हाई."

त्यांना वाटत होतं, ऑपरेशन वाया गेलं.

तोंड उघडून सांगायचं इतकंच होतं. पण मला आणखी एक शंका आली होती आणि ती इतकी भयंकर होती की जीभ उचलेना. काचेचं असं होतं, तर डोळ्याचं काय? नव्या बसवलेल्या भिंगाचं काय? तेसुद्धा प्लास्टिकचंच असतं असं मी वाचलेलं होतं. (मी का वाचते, असं दिग्विजय नेहमी विचारतो.) मी डोळ्यांच्या दवाखान्याला फोन लावला. घाटात रेंज नव्हती.

आप्पांच्या आजोळी पोचलो तेव्हा दिवस कलला होता. भैरू, म्हणजे आप्पांचे मामेभाऊ, ओट्यावर वाटच बघत होते. त्यांनी आल्याआल्या सांगितलं, "बॅटरी लावायची न्हाई, मोबाईलचा उजेड न्हाई, आन त्यो फुसफुस करायचा डबा हितनं पुढं काढायचा न्हाई. काजवं बी किडंच हायेत."

मी बाटली पिशवीच्या तळाशी गाडली. एवढी मोठी शिकलेली मी, डासांच्या बंदोबस्तात काजवाही किडाच आहे, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

जेवायच्या आधी मी सगळ्यांना साबण दिला. हात धुतल्याशिवाय भाकरीला शिवायचं नाही. तेव्हा म्हटलं, "आप्पा, चष्मा द्या, धुवून देते. डोळ्यांवरही पाणी मारा भरपूर."

डोळे त्यांनी मुकाट धुतले. चष्मा मात्र मुठीत घट्ट धरून ठेवला. "ऱ्हाऊ दे. मी पुसतो की."

झोपताना सोडला तर हा चष्मा त्यांच्या नाकावरून कधीच उतरत नाही. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी कसलासा बारीक नंबर दिला होता, तर "चष्म्याबिगर मला ऐकायला येत न्हाई" म्हणून त्यांनी तो दिवसभर लावायला घेतला होता. आता तर ते तो सोडणारच नव्हते. चष्म्याशिवायही धुकंच दिसलं तर डोळे गेले हे पक्कं होईल, म्हणून तो काढला की ते डोळे मिटूनच घेत होते. आम्ही दोघं एकाच गोष्टीला घाबरून एकमेकांपासून लपवत होतो.

अंधार पडला तसे आम्ही वस्तीच्या कडेला गेलो. भैरूकाकांनी घरातले दिवे बंद करवले. आणि मी जन्मात पहिल्यांदा असा अंधार पाहिला, ज्यात कुठेच चार्जरचा लाल ठिपका नव्हता.

सुरुवातीला एक काजवा दिसला. मग दोन. मला वाटलं, बस, एवढंच. मग समोरचं अख्खं झाड उजळलं आणि विझलं. पुन्हा उजळलं, विझलं. फांदीन् फांदी, एकाच वेळी. ते विझलं की त्याच्या पलीकडचं उजळायचं, मग त्याच्या पलीकडचं, असं करत तो उजेड उतारावरून खाली खाली गेला आणि दरीच्या तळातून परत वर आला. आवाज काहीच नाही. आमच्या सर्व्हर रूममध्ये असेच हिरवे दिवे लुकलुकतात, पण तिथे प्रत्येकाचं आपलं वेगळंच चाललेलं असतं आणि सांभाळायला बारा माणसं लागतात. इथे आख्खा डोंगर एका लयीत श्वास घेत होता आणि कोणीही काही चालवत नव्हतं. माझ्या हाताला काहीतरी चाटून गेलं. मी दचकले नाही. हे मला नंतर लक्षात आलं.

"वा," आप्पांचा आवाज आला. "वा वा. काय पेटल्यात बघा."

मी वळून पाहिलं. आप्पा गोठ्याच्या भिंतीकडे तोंड करून उभे होते.

भैरूकाका खाली वाकून चपलेतला खडा काढू लागले. सासूबाईंनी हळूच आप्पांचा हात धरला आणि त्यांनाही कळू नये अशा बेताने झाडाकडे वळवलं. "व्हय की वो," त्या म्हणाल्या. "लय पेटल्यात."

माझ्याने ते बघवेना. वस्तीच्या वरच्या अंगाला एक कातळ आहे, तिथे रेंज येते असं दिग्विजय म्हणाला होता. मी चाचपडत तिकडे निघाले. ओढणीच्या आत फोन धरून उजेड बाहेर पडणार नाही असा दवाखान्याचा नंबर लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. संध्याकाळची गर्दीची वेळ, कोण उचलतंय. पुन्हा लावला.

"अंधारात एकली कुठं निघाली?" मागून आप्पा. काठी टेकत माझ्यामागे आले होते. त्यांना दिसत नव्हतं आणि ते मला शोधायला आले होते. "घाबरट हायेस न्हवं तू? मग?"

ओढणीत पलीकडची रिंग चालूच होती. मी एका दमात सांगून टाकलं.

"आप्पा, तुमचं उपरणं मी खराब केलं. म्हणजे चष्मा. तो स्प्रे प्लास्टिकला चालत नाही आणि मी तो उपरण्यावर मारला आणि तुम्ही त्यानेच पुसत राहिलात. काच गेलीय ती. आणि डोळ्यांतही गेलं असेल तर, म्हणून मी दवाखान्यात फोन लावतेय आणि ते उचलत नाहीयेत."

आप्पांनी काठी कातळाला टेकवून ठेवली.

"म्हंजी," ते सावकाश म्हणाले, "काच गेलीया."

"हो."

"डोळं न्हाई?"

"ते माहीत नाही, आप्पा. तेच विचारतेय."

"मला घाटापास्नं वाटतंय डोळं गेलं," ते म्हणाले. "आन तू काच म्हणतीस." त्यांनी चष्मा काढला. काचेवरून अंगठा फिरवला. ती चिकट, खरबरीत लागली असणार, कारण ते "आयला" असं पुटपुटले आणि मला आता काहीतरी जबरदस्त ऐकायला मिळणार म्हणून मी खांदे आवळून घेतले.

पण काहीच ऐकू आलं नाही.

मी वर पाहिलं. चष्मा त्यांच्या हातात लोंबत होता. ते दरीकडे बघत होते. खाली तळातून तो उजेड एकेक झाड घेत वर येत होता, आणि जसजसा तो चढत होता तसतशी आप्पांची मान वर वर चालली होती, त्याच्याबरोबर, अगदी त्याच लयीत. तो आमच्या कातळापर्यंत आला, आमच्या डोक्यावरच्या झाडात शिरला, आणि त्या उजेडात मला त्यांचा चेहरा दिसला. त्या चेहऱ्यावर मी आजवर कधीच चष्म्याशिवाय काही पाहिलं नव्हतं. आता तिथे सात-आठ वर्षांचं कोणीतरी होतं.

"हितं आई बसायची," ते म्हणाले. "ह्याच कातळावर." आणि मग अगदी हळू, जणू आवाजाने विझेल, "सरूला बोलाव."

मी सासूबाईंना हाक मारायला वळले. तोच माझ्या ओढणीतून अचानक एका बाईंचा आवाज आला, आणि मी अशी दचकले की फोन दरीत जाता जाता राहिला.

"हॅलो. डोळ्यांचा दवाखाना. बोला."

मी फोन कानाला लावला आणि आप्पांकडेच बघत राहिले.

"अहो, बोला की. इथे पेशंट खोळंबलेत."

"आमच्या आप्पांचं ऑपरेशन तुमच्याकडे झालं होतं," मी कुजबुजले. "मोतीबिंदूचं. त्यांना... त्यांना दिसतंय हो."



"हो," बाई म्हणाल्या. "त्यासाठीच करतो आम्ही ते."