ज्वारीत वाजलेलं विलायती गाणं

लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी माझ्या दिरांच्या विलायती कॅसेटी उसवल्या आणि त्यांच्या फिती शेतात ज्वारीवर बांधल्या. पाखरं हाकलायला आमच्या हिवरखेडात सगळेच बांधत. वाऱ्यावर फीत भणभणते, पाखरू बिचकतं. पण लोक बिघडलेल्या कॅसेटी घेत. मला वाटलं, ह्या बिघडलेल्याच! ना तबला, ना पेटी. नुसतं टूं-टूं, आणि मधूनच एखादा गोरा झोपेत बरळल्यासारखा गातो. बारावी पास होते हो मी, मला सगळं कळत होतं.

आता नाना, म्हणजे हे दीर, घर डोक्यावर घेतील म्हणून मी चुलीमागे लपले. ते सासूबाईंना म्हणाले, "उंदरानं खाल्ल्या." मनात म्हटलं, किती भोळा माणूस! त्या वर्षी मात्र हा आळशांचा राजा ज्वारी राखायला आपणहून शेतात गेला, तो कापणी झाल्यावरच घरी आला.

नानांना यंत्रांचीच गाणी आवडत. मुलगी पाहायला गेले तिथेही त्यांनी कॅसेट लावली होती. मुलीचे वडील उठून टेपला थापडा मारायला लागले. लग्न तेव्हा जमलं नाही, नंतरही नाही. आता सत्तरीत ते आमच्याकडेच अकोल्याला असतात. दाल मिलसमोर मान डोलवत उभे राहतात. सकाळी मला म्हणतात, "वयनी, तुमचा फ्रिज आज सुरात हाये!"

पोरांनी त्यांना मोबाइल दिला आणि नवं खूळ सुरू झालं. त्या कॅसेटींतलं एक गाणं त्यांना हवं होतं. नाव ठाऊक नाही, गाणारे ठाऊक नाहीत. "मराच्या आंधी एकडाव आयकाचं हाये," म्हणायचे आणि फोनपुढे तोंड नेऊन "टूंऽ टिकटिक टूं" करायचे. फोन त्यांना कुकर दुरुस्तीची दुकानं दाखवायचा. भाजीवालीनं विचारलं, "काकू, भाऊले काय झालं?"

"विलायत झाली," मी म्हटलं.

परवा फोनवर जुनी गाणी चाळता चाळता ते गाणं सापडलं. चाळीसेक वर्षांपूर्वीची चार गोरी पोरं. त्यांच्या गावातही आता त्यांना कोणी ओळखत नसेल. इअरफोनचं एक टोक नानांनी माझ्या कानात घातलं, दुसरं स्वतःच्या. गाणं संपलं तसं त्यांनी कानातलं टोक काढून उलटसुलट करून पाहिलं.

"काहून भाऊजी, हेच हाये ना?"

"हेच हाये, वयनी. पण तुमच्या ज्वारीत जास्त चांगलं वाजे."