पेठे भाऊजींचे होकार

शेजारचे पेठे भाऊजी फोन करायचे ते मिक्सर चालू ठेवून. भांड्यात काही नाही हो, नुसतं पाणी! इथे आखातात, खैतानमधल्या आमच्या बिल्डिंगच्या भिंती पापडासारख्या, शेजाऱ्यांना बोलणं कळू नये म्हणून ही घरघर. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, माणूस एकटा. एका कंपनीत स्टोअरकीपर होते, आणि जगावर संशय घेणं हा जोडधंदा. बकाल्यातला किराणावाला हसून बोलला तरी मला येऊन सांगणार, "वहिनी, यात काहीतरी मेख आहे." मी शिरा पाठवला तर आधी प्रश्न, "आज काय विशेष?"

२००८ साली एका शुक्रवारी सकाळी मिक्सर थांबेचना. आमचे हे म्हणाले, "सट्टा लावतोय." मला वाटलं, लग्नं जुळवतायत. कारण भिंतीपलीकडून "लग्नाचा प्रश्न आहे" आणि "होकार द्या" एवढंच ऐकू येत होतं. कान लावला होतात का म्हणाल, तर लावला होता.

दुपारी स्वारी आमच्याकडे. "वहिनी, तुमची भाची कॅलिफोर्नियात ना? तिला तिकडे मत आहे?"

"कशाला हो?" आता संशय घ्यायची पाळी माझी.

त्यांनी दार लावलं, खिडकी लावली, मोरीतला नळ सोडला. मग हळूच म्हणाले, "तिकडे पुरुषाला पुरुषाशी लग्न करता येतं आता, कायद्याने. ते पुढे चालू द्यायचं का, यावर मतदान आहे. भाचीला म्हणावं, होकार दे."

मी खालीच बसले. "पण तुम्हाला काय पडलंय त्याचं?"

"माणसाला काही तत्त्व असतं."

तत्त्व! ज्या माणसाने लिफ्टवाल्यालाही कधी आपला मजला सांगितला नाही, त्याचं तत्त्व! असलं नाव काढणंही जिथे गुन्हा, तिथली नोकरी आणि इकामा, म्हणजे राहायचा परवाना, धोक्यात घालून? तरी मी भाचीला फोन लावला. ती ओरडलीच, "मावशी, उलटं आहे! प्रश्न असाय, की या लग्नांना बंदी घालायची का? होकार दिला तर बंदी!"

मी तशीच शेजारी गेले. ऐकून भाऊजींचा चेहरा पांढराफटक.

"लग्न म्हटलं की होकार चांगला, एवढंच मला माहीत, वहिनी. प्रश्न वाचलाच नाही मी."

"किती जणांना सांगितलंत?"

"तिकडच्या ओळखीच्या सगळ्यांना." मग हातातली फोनची वही मिटली. "आमच्या निखिलचं लग्न मोडेल हो."

त्यांच्या मुलाने त्या उन्हाळ्यात तिकडेच अरविंद नावाच्या मुलाशी लग्न केलं होतं. त्याआधी त्याने बापाला सांगून पाहिलं, तर बापाने फोन ठेवून दिला. पुढे लग्नाचा फोटो आला, त्याला उत्तर नाही. आणि आता हा बाप अख्ख्या कॅलिफोर्नियाला फोन करत होता, मुलगा सोडून.

मग आम्ही दोघं दोन फोनवर. "अहो देशपांडे, होकार नको, नकार! लग्न टिकावं म्हणूनच नकार!" पलीकडून देशपांडे म्हणे, "पेठे, कालपर्यंत होकार, आज नकार. यात काहीतरी मेख आहे."

निकाल लागला. बंदीवाले जिंकले. भाऊजी सकाळी कामावर न जाता आमच्या सोफ्यावर येऊन बसले. "माझ्यामुळेच झालं."

"तुमच्या फोनवर राज्य चालत नाही तिकडचं," मी म्हटलं. "नंबर सांगा मुलाचा."

नंबर पाठ होता. मी लावला आणि रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. उठून जायला हवं होतं मी, पण पाय निघाला नाही.

"निखिल, बाबा बोलतोय... हो, कळलं मला... नाही रे, मी बराय." मग फोनची वायर बोटाला गुंडाळत राहिले. शेवटी म्हणाले, "दोघं जेवलात का?"

पलीकडून काहीतरी उत्तर आलं असावं, कारण भाऊजींनी उपरण्यासारखा खांद्यावरचा टॉवेल डोळ्यांना लावला.

"आमटी कोणी केली? त्याने? तिखट तर नाही ना घालत? तुझं पोट लहानपणापासून नाजूक... तुला सांगून काही उपयोग नाही. दे त्याला फोन, मीच सांगतो."