गॅलरीतला फ्रान्स दौरा

आमच्या तरोडा नाक्याच्या कॉलनीत एक गृहस्थ रोज सकाळी सात वाजता सायकलवर बसून फ्रान्सला जातात आणि साडेआठला मुरमुऱ्यांचा सुशीला खायला घरी परत येतात. त्यांचं नाव शिराढोणकर साहेब. बांधकाम खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले. लोहा, उमरी, किनवट, सगळीकडे नोकरी झाली. किनवटच्या जंगलातले रस्ते आपण केले, असं ते सांगतात. त्या रस्त्यांवरून गेलेले लोक वेगळं काहीतरी सांगतात, पण ते जाऊ द्या.

सायकल अर्थातच जागची हलत नाही. ती व्यायामाची सायकल. साखर वाढली तेव्हा डॉक्टरांनी घ्यायला लावली. ती गॅलरीत भिंतीकडे तोंड करून उभी असते आणि तिच्यासमोर स्टुलावर जुना लॅपटॉप असतो. त्यात तो रस्त्यांचे फोटो दाखवणारा नकाशा. बाण दाबला की रस्ता पुढे सरकतो. सायकलच्या मीटरवर एक किलोमीटर झाला की साहेब चित्रातही बरोब्बर एक किलोमीटर पुढे जातात. जास्त एक पाऊल नाही.

"साहेब, दाबा की दोनदा, कोण बघून राहिलंय?" मी एकदा म्हणालो.

"टेकाळे, बिल काढायचं न्हाई म्हणून मोजमापात लबाडी करायची का?"

माझं नाक्यावर झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. लोक माझ्याकडे उत्पन्नाचे दाखले आणि पीकविम्याचे फॉर्म घेऊन येतात. साहेब नकाशे छापायला येतात. नॉर्मंडीच्या सफरचंदांच्या बागा, त्यापुढचे गायींचे माळ, मग ब्रिटनीचा किनारा. तीन वर्षांत त्यांनी अख्खा कोपरा पिंजून काढला. सेंट मालो हे गाव त्यांच्या तोंडी शेजारचं अर्धापूर असल्यासारखं येतं. "सेंट मालो सोडलं की डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला फुलकोबी. समुद्राला लागून कोबी, टेकाळे! आपल्याकडं गोदावरीच्या काठाला नीट येत न्हाई."

पण साहेबांचं खरं लक्ष कोबीकडे नाही, समुद्राकडे तर मुळीच नाही. त्यांचं लक्ष साईडपट्टीकडे. डांबराच्या कडेला जो मुरमाचा पट्टा असतो, तो. समोरून ट्रक आला की ज्यावर आपली गाडी उतरवून आपण जीव वाचवतो. फ्रान्सच्या खेड्यांतल्या बारक्या रस्त्यांना साईडपट्टी नाही, याचा साहेबांना झालेला मनस्ताप मी तीन वर्षं ऐकतो आहे.

"डांबर एक नंबर. मोऱ्या झकास. चौकात फुलं लावलेत, म्हंजे बघा. पण साईडपट्टी? न्हाई! डांबर संपलं की गवत, गवत संपलं की झुडपांची कुपाटी. माणसानं उतरायचं कुठं?"

हा शब्द ते कशालाही लावतात. माझ्या पुतण्याला स्थळ आलं, मुलगी चांगली, घरदार चांगलं. साहेबांनी पुतण्याचाच बायोडाटा वाचला आणि म्हणाले, "समदं बराबर हाय, पण तुमच्या पोराला साईडपट्टी न्हाई. उद्या नोकरी गेली तर उतरंल कुठं?" पुतण्या आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. जसं काही मीच म्हणालो होतो.

आणखी एक गोष्ट त्यांना खटकायची. तिकडच्या रस्त्यांवर माणूस दिसत नाही. "दहा किलोमीटर झाले, एक माणूस न्हाई. चर्च हाय, घरं हायेत, खिडक्यांला पडदे हायेत. टपरी न्हाई, पार न्हाई. पंक्चर झालं तर हाक कुणाला मारायची?" हे ते असं काळजीनं बोलायचे, की जणू पंक्चर त्यांचंच होणार होतं. मी हसायचो. मला तेव्हा हसायलाच येत होतं.

त्यांची मुलगी अश्विनी तिकडे फ्रान्समध्येच असते, हे कॉलनीत सगळ्यांना माहीत होतं. शिकायला गेली, तिथल्याच एका मुलाशी लग्न ठरवलं आणि मग घरी कळवलं. साहेब लग्नाला गेले नाहीत. बायकोला, म्हणजे आमच्या काकूंनाही, जाऊ दिलं नाही. पुढे काकू फोनवर लेकीशी बोलायच्या आणि साहेब शेजारच्या खोलीत पेपर उघडून बसायचे. पान मात्र उलटायचे नाहीत. दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. अश्विनी आली, चौदाव्यापर्यंत राहिली. बाप-लेकीतलं बोलणं लातूरच्या आत्याबाईंमार्फत चालायचं. "तिला म्हणावं, जेवून घे." "त्यांना म्हणावं, गोळी घ्या." दोघं एकाच खोलीत, हाताच्या अंतरावर. आत्याबाई मधे बसून बिचाऱ्या थकून गेल्या. मग अश्विनी परत गेली, आत्याबाई लातूरला गेल्या, आणि घरात साहेब आणि सायकल उरली.

गेल्या हिवाळ्यात एक दिवस साहेब दुकानात आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "एक अर्ज टाईप करायचाय."

अर्ज ब्रिटनीतल्या एका गावाच्या महापौरांना होता. त्या गावाचं नाव मी सांगत नाही, उगीच त्यांची बदनामी नको. विषय: वळणावरील कुपाटीमुळे समोरील वाहन न दिसणेबाबत. साहेबांनी सगळं कागदावर उतरवून आणलं होतं. चर्चपासून अंतर, वळणाचा कोन, कुपाटीची अंदाजे उंची, साईडपट्टीचा अभाव. 'सबब, सदर रस्त्याने सायकलवरून नोकरीस जाणाऱ्या व्यक्तींच्या जिवास धोका संभवतो.'

"साहेब, हे फोटो दोन-तीन वर्षांपूर्वीचे असतेत. कुपाटी आतापर्यंत कापली बी असंल."

"कापली तरी वाढतीच की."

"बरं, मग इंग्रजीत करू? का कॉम्प्युटरवर फ्रेंच करून देऊ? दोन मिनिटांचं काम हाय."

"न्हाई. मराठीतच ऱ्हाऊ द्या."

आता मात्र माझं डोकं फिरलं. दुकानात गर्दी, प्रिंटरमध्ये कागद अडकलेला, आणि हे फ्रान्सच्या महापौराला मराठीत अर्ज देऊन राहिलेत. "तिथं मराठी कोण वाचंल, साहेब? कोणाला कळंल?"

साहेब बाकड्यावर बसले. "देगलूरला होतो तवा हद्दीपलीकडून तेलुगूत पत्रं यायची. आमी काय फेकून देत होतो का? आमचा एक शिपाई तेलुगू जाणायचा. त्याला बोलवायचो. तो वाचून सांगायचा. ऑफिस कुठलं बी असू द्या, ज्याला भाषा येती त्याला बोलवतेतच." मग रस्त्याकडे बघत म्हणाले, "त्या गावात असंल की एखादं माणूस."

माझी बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. त्या गावात मराठी येणारं माणूस कोण असणार, हे मला कळलं. ते वळण कोणत्या रस्त्यावरचं, रोज त्यावरून सायकलवर कोण जातं, तेही कळलं. काकूंच्या फोनमधून साहेबांनी इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकलेलं होतं ते सगळं. या माणसानं तीन वर्षं पायडल मारलं ते साखरेसाठी नव्हतं. मला स्वतःच्या हसण्याची लाज वाटली. मी अर्ज एकही चूक न करता टाईप केला, आणि असं माझ्या दुकानात क्वचितच होतं.

अर्ज स्पीड पोस्टानं गेला. त्यानंतर साहेबांचा दौरा थांबला. म्हणजे सायकल रोज चालायची, मीटर रोज वीस किलोमीटर दाखवायचं, पण लॅपटॉपवर चित्र एकच. ते वळण, ती हिरवी कुपाटी, वर ढगाळ आभाळ.

"पुढं कामून जात न्हाईत?" मी विचारलं.

"कारवाई होऊस्तोवर पुढं कसं जाणार?"

दोन महिने झाले. मी रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी त्यांच्या गॅलरीकडे बघायचो. साहेब तिथेच. वळणाच्या अलीकडे. दुपारी पोस्टमनच्या वेळेला ते पुन्हा सायकलवर बसायचे; तो आला की त्यांचे पाय मंदावायचे, तो पुढे गेला की पुन्हा चालू व्हायचे. माणसानं एवढी वाट बघू नये, असं मला वाटायचं. आणि अशा वेळी शेजाऱ्यानं काय करावं, ते मला माहीत नव्हतं. मी त्यांना दोनदा सुशीला नेऊन दिला, बस.

शेवटी पाकीट आलं. साहेब ते न फोडताच दुकानात घेऊन आले. "तुमी वाचा," म्हणाले. हातातली किल्ली उगीच फिरवत उभे राहिले.

आत एक छापील फ्रेंच कागद होता, शिक्का मारलेला. त्याला टाचलेला दुसरा कागद हातानं लिहिलेला होता, निळ्या शाईत, मराठीत. मी वाचू लागलो.

"विषय: वळणावरील कुपाटी छाटणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयी कळविण्यात येते की, आपल्या अर्जाच्या भाषांतरासाठी या कार्यालयाने खाली सही करणार हिला बोलाविले होते. त्यानुसार स्थळपाहणी झाली असून कुपाटी छाटण्यात आली आहे. साईडपट्टीसाठी जागा उपलब्ध नाही. तथापि, सदर रस्त्याने नोकरीस जाणारी व्यक्ती वळणावर उतरून सायकल हातात धरून चालत जाते. काळजी नसावी. झालेल्या कामाची खातरजमा करण्यासाठी अर्जदाराने समक्ष हजर राहावे, ही विनंती."

खाली सही होती. अश्विनी दिगंबर शिराढोणकर. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी तिनं वडिलांचं नाव आणि आडनाव बदललं नव्हतं. हे साहेबांनाही ठाऊक नसावं, कारण त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि तेवढंच कितीतरी वेळ बघत राहिले.

दुकानात दोन गिऱ्हाईकं उभी होती. मी त्यांना हातानंच थांबवलं.

साहेबांनी मग सगळा कागद स्वतः वाचला. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. पस्तीस वर्षं नोकरीत त्यांनी स्वतः हेच वाक्य शेकडो लोकांना लिहिलं असेल, कोणाला खरंच यायला सांगण्यासाठी, कोणाला नुसतं टोलवण्यासाठी. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला.

"टेकाळे, बोलवून राहिली का हो ती? का हा नुसता सरकारी मसुदा हाय?"