लाल कापडातली पोथी

बापूंचे, माझ्या वडिलांचे, दिवस मी अजिबात न रडता पार पाडणार होते! चहा, सतरंज्या, तेराव्याचं जेवण, सगळं वहीत लिहून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वही शाबूत होती, मी तेवढी संपले होते.

आमच्या सारंगखेड्यात दिवसांमध्ये दुपारी पोथी वाचतात. वाचायला रेवजीबाबा आले. माझ्या भावाची, धीरजची बायको दामिनी बापूंच्या कपाटातून लाल कापडात बांधलेली पोथी घेऊन आली. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर येते तो काय!

"आणि मग ती मुलगी होडीत बसलीऽऽ नदीपार निघालीऽऽ"

ट्रे पडायचा राहिला. ती पोथी नव्हतीच! मी नऊ वर्षांची असताना बापू मला वाचून दाखवायचे ती कादंबरी होती. नदीपलीकडे एक गाव असतं, तिथे कुणी मोठं होत नाही, दुधाचे दातसुद्धा पडत नाहीत. आमची आई फळीवर अंथरायला दिसेल तो कागद फाडायची; पण लाल कापडाला हात लावत नसे, म्हणून बापूंनी ते कापड गुंडाळलं होतं.

रेवजीबाबांचा दोष नाही. पुढ्यात विजेचं बिल ठेवलं तरी ते त्याच चालीत वाचतील.

"धीरज, थांबव त्यांना!"

"गप ऱ्हाय, ताई. पोथी अर्धी सोडतस नही."

बायकांनी तर नदीचं नाव निघताच, मेल्यावर ओलांडायची ती नदी समजून, हात जोडले. शेजारच्या वत्सलाबाई कुजबुजल्या, "हाई तीच नदी शे वं! पोरनी काय पाप कयं व्हई?"

"काहीच नाही," मी म्हटलं, "तिला मोठं व्हायचं नव्हतं."

"मंग बरोबर शे," त्या म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी माणसं दुप्पट झाली. पाचव्या दिवशी साखर संपली. सातव्या दिवशी म्हसावदहून जीप भरून पाहुणे आले; त्यांच्यातल्या निम्म्यांनी बापूंना कधी पाहिलंही नव्हतं! मुलीचा बाप काठावर कंदील घेऊन उभा राहतो तिथे सगळ्या बायका रडल्या. मी सतरंज्या मोजत होते.

मला धास्ती होती शेवटच्या प्रकरणाची. मुलगी घरी परतते की तिथेच राहते? तिथे आलं की बापू पुस्तक मिटायचे. "पुढचं तू मोठी झाल्यावर." पुढे मी शेकडो पुस्तकं वाचली, हे एक सोडून. ते बापूंनीच वाचायचं होतं. आता चव्वेचाळिसाव्या वर्षी रेवजीबाबांकडून, साठ माणसांत, ऐकायचं?

दहाव्या दिवशी मी त्यांच्या शेजारीच बसले. मुलगी काठावर आली. होडी लागली. रेवजीबाबांनी पान उलटलं, आणि ते थांबले.

"पुढला पानं कोठे शेतस?"

पुढे नुसता पुठ्ठा होता. पुठ्ठ्यावर बापूंचं अक्षर: 'शेवटचं प्रकरण नाही. दुसरी प्रत शोधणे.' खाली वेगवेगळ्या शाईत: 'शहादा, नाही. धुळे, नाही. सुरत, नाही.' शेवटची नोंद गेल्या वर्षीची होती.

म्हणजे त्यांनाही माहीत नव्हतं!

साठ माणसं माझ्याकडे बघत होती. वत्सलाबाई म्हणाल्या, "तू येवढी शिकेल बाई! सांग ना, पोर घर उनी का नही?"

"आली," मी म्हटलं.

"मंग?"

"मग मोठी झाली."

"आनि तिना बाप?"

मी उगाच वही उघडली. मी पदर तोंडात धरला, पण उपयोग झाला नाही. दहा दिवसांचं सगळं एकदम बाहेर आलं, तेही मोठ्यानं.

"पोथी फळनी!" वत्सलाबाई समाधानानं म्हणाल्या, आणि हीच पोथी त्यांनी आपल्या सासूबाईंच्या दिवसांसाठी आत्ताच सांगून ठेवली.

सासूबाई समोरच बसल्या होत्या. दुसरा चहा मागत होत्या.