सासऱ्याच्या नावाचा पासवर्ड

"वीज काय अन् इंटरनेट काय! दोन्ही तारेतून येतं, दोन्ही डोळ्यांना दिसत नाही आणि दोन्ही बेसावध माणसाला चावतं. ज्याला एक जमलं, त्याला दुसरं जमलंच म्हणून समजा!"

असं म्हणून कालमुर्झाने चहाची कटोरी अशी काही खाली ठेवली, की ताटातले तळलेले बोरसोकसुद्धा जागचे हलले.

कालमुर्झा म्हणजे कोक-बुलाकच्या बॉयलरघराचा विद्युत सुरक्षा अधिकारी. डोंगरातलं गाव. जानेवारीत थुंकी जमिनीवर पडेपर्यंत गोटी होते! अख्ख्या गावाला ऊब देणारा बॉयलर एकच. शाळा त्याच्यावर, घरं त्याच्यावर, बाळंतिणींचा दवाखानाही त्याच्यावर. त्या बॉयलरला यंदा कॉम्प्युटर जोडला होता, आणि वरून हुकूम आला होता की जिथे कॉम्प्युटर तिथे सायबर सुरक्षेचा जबाबदार माणूस हवाच. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "कालमुर्झा, तुझ्याकडे एक सुरक्षा आहेच. ही दुसरीही ठेव. एका खुंटीला दोन टोप्या!"

झालं! कालमुर्झाने विजेच्या नियमांचं पुस्तक डावीकडे, सायबर नियमांचं उजवीकडे घेतलं आणि मधे मांडी ठोकली.

"दुसरी बायको आणली असतीस तरी चाललं असतं," बायको सोनुन म्हणाली. "निदान तिने चहा तरी केला असता."

"गप गं! हे बघ, इथे लिहिलंय, तीनदा चुकीचा पासवर्ड टाकला की कुलूप पडतं. म्हणजे फ्यूजच की! आमचा फ्यूज चोरलाय लेकाच्यांनी!"

"मग पोलिसात जा."

"आणि आमच्या पुस्तकातली एकेक ओळ कुणाच्या ना कुणाच्या मरणातून आलीय. यांच्याकडे अजून कुणी मेलेलंच दिसत नाही. म्हणून तर नुसत्या गप्पांनी पुस्तक एवढं जाड!"

विजेच्या पुस्तकाचा पहिला धडा कालमुर्झाच्या रक्तात भिनला होता. जे धोक्याचं, त्यावर पाटी हवी! आग लागली तर वाटेवरच्या परक्या माणसालाही बटण सापडलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी त्याने लाल रंगाचा डबा उघडला आणि कॉम्प्युटरच्या डोक्यावर ठसठशीत पाटी ठोकली : 'पासवर्ड : बॉयलर१. आणीबाणीत कोणीही वापरावा.' खाली कवटी आणि दोन हाडं. कॉम्प्युटरपुढे रबरी चटई. चटईवर रबरी हातमोजे!

बॉयलरच्या पॅनेलवर बसायची त्याची सून बुरुल. ती कामावर आली, पाटी वाचली आणि तिचा चेहरा राखेसारखा झाला. पण केलिन, म्हणजे घरची सून, कशी बोलणार? सासऱ्याला तोंडावर चूक म्हणायची रीत नाही. तिने चहा ओतला.

"अताके, चहा घ्या. पाटी फार सुरेख झालीय. चोराला चष्मासुद्धा लागायचा नाही."

कालमुर्झाचा घोट घशातच अडकला. खोकत खोकत त्याने उजवीकडचं पुस्तक उघडलं. 'पासवर्ड गुप्त ठेवावा.' अरेच्चा! एक पुस्तक म्हणतं दाखवा, दुसरं म्हणतं लपवा. ही तर सख्ख्या जावांची भांडणं!

पाटी उतरली. नवीन पासवर्ड हवा होता, आणि तोही असा की म्हातारपणी विसरायला नको. कालमुर्झाने बराच विचार केला आणि जगात जे नाव त्याला सगळ्यात जास्त आवडायचं, तेच ठेवलं. स्वतःचं!

आता पंचाईत बुरुलची. केलिनने सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. लग्न झाल्यापासून ते नाव तिच्या ओठांवर कधी आलं नव्हतं. दवाखान्यातसुद्धा ती "आमच्या थोरल्यांचं औषध द्या" म्हणायची. आणि आता रोज सकाळी तेच नाव टाइप करायचं? ती रडवेली होऊन सासूकडे गेली. सोनुनने क्षणभर विचार करून निवाडा दिला, "बोटांना जीभ नसते. टाइप कर. पण मोठ्याने वाचू नकोस हो!"

त्याच आठवड्यात तपासणी ठरली. तपासणीला येणार होत्या रझिया कादिरोवना. खालच्या गावच्या कॉम्प्युटरला सील ठोकून आलेल्या. कॉम्प्युटर बंद म्हणजे बॉयलर बंद. तिथली माणसं कोट, टोप्या आणि बूट घालून झोपत होती म्हणे! आपल्याकडेही तसंच झालं, तर दवाखान्यातल्या तान्ह्या बाळांचं काय, या विचाराने कालमुर्झाला जेवण जाईना.

तपासणीच्या दिवशी सकाळीच तो बॉयलरच्या उबेने ओल्या राहिलेल्या अर्थिंगच्या खड्ड्यात उतरला. बाईंनी पाहिलं तर तार लख्ख दिसली पाहिजे! पॅनेलवर बुरुल एकटीच. तेवढ्यात फोन खणखणला.

"राजधानीतून बोलतेय!" पलीकडून घोगरा आवाज आला. "तुमच्या कॉम्प्युटरवर हल्ला झालाय! बॉयलर कुठल्याही क्षणी फुटेल! पासवर्ड सांगा, आम्ही इथून वाचवतो!"

बुरुलने फोन दोन्ही हातांनी धरला. "सांगते! लगेच सांगते! तो... म्हणजे असं..."

"बोला!"

"नाही हो निघत तोंडातून!"

"विसरलात का?"

"विसरेन कशी? रोज टाइप करते!"

"मग बोला की! माणसं मरतील!"

"बाई, बोलले तर मी मरेन!"

"बरं, एकेक अक्षर सांगा."

"एकेक अक्षर म्हणजे एकेक पाप! सगळी मिळून तेवढंच भरतं की!" बुरुल हुंदके देत ओरडली. "मला कापा, जाळा, पण या तोंडातून ते निघायचं नाही! थांबा, ज्यांना सांगता येतं त्यांना आणते!"

ती धावत खड्ड्याशी गेली. कालमुर्झा चिखलाने माखलेला वर आला आणि त्याने फोन हिसकावला. सांगायचं त्याने केव्हाच ठरवलं होतं. आणीबाणीत बटण लपवणारा माणूस त्याच्या लेखी खुनीच! पण फोनवरून हुकूम आला की आधी काय विचारायचं, हे आयुष्यभर त्याच्या तोंडी बसलं होतं.

"हुकूम देणाऱ्याचं आडनाव?"

"अहो, वेळ नाही!"

"हुद्दा?"

"बॉयलर फुटतोय!"

"विद्युत सुरक्षेच्या परवान्याचा गट कितवा?"

"गट... नाही माझा."

"गटच नाही?" कालमुर्झा कडाडला. "मग तुम्हाला मी माझ्या घरातला बल्बसुद्धा बदलू देणार नाही!" आणि फोन आपटला!

मग मात्र सासरा-सून श्वास रोखून दाबाच्या काट्याकडे बघत राहिली. काटा ढिम्म! बॉयलर आपला निवांत घोरतोय.

दार उघडलं. रझिया कादिरोवना आत आल्या. हातात मोबाइल!

"मीच होते, बाहेर गाडीत बसलेली," त्या म्हणाल्या. आवाज अजून थोडा घोगराच होता. "सगळ्या गावांत असाच फोन केला. कुणी पासवर्ड दिला, कुणी वर जेवायलाही बोलावलं. पण ही मुलगी! जीव गेला तरी बोलायची नाही! आणि तुम्ही! हे नियम कुठल्या पुस्तकातले?"

"डावीकडच्या," कालमुर्झा म्हणाला.

बाईंनी तिथल्या तिथे सही ठोकली. पास! बॉयलर चालू राहणार, बाळं उबेत निजणार. कालमुर्झाचे डोळे भरून आले. त्याने बुरुलच्या डोक्यावर चिखलाचाच हात ठेवला. "पोरी, तू घरात आलीस त्या दिवसाचं भलं होवो! आज गाव तुझ्यामुळे उबेत आहे." आणि कृतज्ञतेच्या भरात तो बाईंकडे वळला, "आणि पासवर्ड तरी काय अवघड होता हो! नुसतं 'कालमुर्झा'!"

बॉयलरसुद्धा घोरायचा थांबल्यासारखा वाटला. बुरुलने रुमाल तोंडावर ओढून घेतला. बाईंनी खिशात ठेवलेलं पेन पुन्हा काढलं आणि सहीखाली एक ओळ वाढवली : पासवर्ड आजच बदलावा, आणि तो फक्त सुनेला माहीत असावा.

त्या संध्याकाळी कालमुर्झाने स्वतःच्या हाताने सुनेला चहा ओतला, आणि शेजारीपाजारी ताटं भरभरून घेऊन आभार मानायला आले. कुणीतरी डोळा मारत विचारलं, "काय ओ, नवीन पासवर्ड काय?"

कालमुर्झाने छाती फुगवली. "मान कापलीत तरी सांगणार नाही!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. काय हा माणूस, काय ही निष्ठा! बुरुलने खाली मान घालून सासऱ्याची कटोरी पुन्हा भरली आणि अवाक्षर काढलं नाही. सून गुणाची.